नौतपा आणि एक हरवलेला रपटा

कालपासून नौतपा लागला. सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला की पहिले नऊ दिवस आमच्या जबलपुरात ऊन पडत नाही, अंगावर येतं. सकाळचे नऊ वाजत नाहीत तोच विजय नगरच्या रस्त्यावर चिटपाखरू दिसेनासं होतं. भाजीवाला भैया ओलं गोणपाट टाकून दुधीभोपळे झाकतो आणि स्वतः उघडाच उभा राहतो. नळाला हात लावावा तर पाणी थेट चहाचं. अशा उन्हात मी गच्चीवर कैरीच्या फोडी वाळत घालायला जाते आणि एकटीच हसते. शेजारच्या दीदींनी काल विचारलंच, "इतनी गर्मी में काहे की खुशी, शैला जी?" मी म्हटलं, "बस, ऐसे ही." आता यांना काय सांगू? या नऊ दिवसांचे माझ्यावर उपकार आहेत म्हटलं, तर माझ्या डोक्यावर बर्फ ठेवायला धावतील.

इकडे लोक नौतपा नीट तपावा म्हणून जवळजवळ नवस बोलतात. नऊच्या नऊ दिवस कोरडे, कडक गेले तर पाऊस चांगला. मध्येच वळवाची सर आली की "नौतपा गल गया" म्हणून हळहळतात. माझे बाबा रोज सकाळी गच्चीच्या दारात उभे राहून तोंडावर ऊन घेतात आणि निकाल देतात, "तपून राहिला. छान तपून राहिला." जणू पोळी तव्यावर आहे आणि तिच्यावर त्यांचं लक्ष आहे. बाबांना दिसत नाही. काचबिंदूने दोन्ही डोळे नेले त्याला बरीच वर्षं झाली. ऊन मात्र त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

चार वर्षांपूर्वीचा नौतपा मी रडत सुरू केला होता, हे आता लिहायला हरकत नाही. सव्वीस वर्षं मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात होते. पुस्तक आलं की त्याचं कार्ड करायचं: नाव, लेखक, विषय, कपाट, खण. कुणी विचारलं की मान वर न करता जागा सांगायची. मग कॉलेजने ठरवलं की आता सगळं फोनवर मिळतं, ही खोली कॉम्प्युटरच्या वर्गाला द्यावी. पुस्तकं गठ्ठे बांधून तळघरात गेली आणि मी घरी आले. त्या एप्रिलमध्ये हाताला काम नाही म्हणून मी स्वयंपाकघरातले डबे अक्षरांच्या क्रमाने लावले. साखर आणि सैंधव शेजारी आले. बाबांचा हात सवयीने जिथे साखर असायची तिथे गेला आणि त्यांनी चहात चमचाभर सैंधव घातलं. पहिला घोट घेऊन त्यांनी कप खाली ठेवला, तोंड वेडंवाकडं केलं आणि म्हणाले, "शैले, तुला काम पाहिजे."

काम निनादने आणलं. निनाद माझ्या मैत्रिणीचा मुलगा, तिशीतला. कॉलेजात असताना माझ्याच ग्रंथालयात पंख्याखाली झोपा काढायचा. इथल्या मराठी घरांतल्या मुलांना मराठी सगळी कळते, पण बोलायला लागले की तिसऱ्या शब्दाला हिंदी येते, तसंच याचं. माझंही काही फार वेगळं नाही. पुण्याची वहिनी म्हणते, तुमची मराठी म्हणजे हिंदीत भिजवलेले पोहे. भिजवल्याशिवाय पोहे खाते का ती, विचारायचं राहून गेलं.

"मावशी, एक काम आहे," निनाद म्हणाला, "और वो सिर्फ आप ही कर सकती हैं."

"लोणी कमी लाव. काय काम?"

त्याने लॅपटॉप उघडला. जिल्ह्याचा नकाशा आणि त्यावर गोवर उठावा तसे ठिपके. प्रत्येक ठिपका म्हणजे एक सेन्सर. कुठे पाऊस मोजणारा डबा, कुठे नाल्याच्या पाण्याची उंची सांगणारी पेटी, कुठे मातीतली ओल, कुठे हवेतली धूळ. गेल्या काही वर्षांत ज्याला जमेल त्या खात्याने, कॉलेजने, संस्थेने हे लावून ठेवले. ते दर पाव तासाला आपापला आकडा इंटरनेटवर टाकतात. पण प्रत्येकाचं संकेतस्थळ वेगळं, नाव ठेवायची तऱ्हा वेगळी, कुणी मिलिमीटर म्हणतो, कुणी इंच, आणि आपण उभे कुठे आहोत हे धड कुणीच सांगत नाही. निनादच्या छोट्याशा कंपनीला या सगळ्यांना हुडकून त्यांची एक सूची करायची होती. कोण, काय मोजतं, कुठे, कधीपासून, कुणाचं. म्हणजे उद्या पुराचा इशारा देणाऱ्या यंत्रणेने विचारलं की या नाल्याच्या वरच्या अंगाला पाऊस मोजणारं कोण आहे, तर सूचीने लगेच बोट दाखवायचं.

"म्हणजे कार्डंच करायची आहेत," मी म्हटलं.

"हाँ मावशी. बस, किताबें ज़रा दूर-दूर रखी हैं."

मग त्याने मला एक आलेख दाखवला. तो अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. एका रपट्यावरच्या सेन्सरचा होता तो. रपटा म्हणजे नाल्यावरचा बुटका, बिनकठड्याचा पूल. पाणी चढलं की ते त्याच्यावरूनच वाहतं आणि माणसं तरीही त्यातून जातात. आलेखाची रेघ आदल्या भाद्रपदातल्या एका दुपारी सपाट चालली होती आणि मग एकदम उभी झाली. तासाभरात पाणी माणूस बुडेल इतकं. नोंदीत ठिकाणाच्या जागी चारच शब्द होते: 'रपटा, स्कूल के पास'.

"हा कुठे आहे?"

"वही तो. किसी को नहीं मालूम."

लावणारी संस्था बंद पडली होती. नकाशावर ठिपका होता तिथे नुसतं शेत. नाला नाही, शाळा तर नाहीच. इशाऱ्याची यंत्रणा मृगाच्या आधी सुरू व्हायची होती आणि नियम साफ होता. ज्याची जागा कुणी जाऊन डोळ्यांनी पाहिली नाही, तो सेन्सर यादीतून बाद. मी त्या उभ्या रेघेकडे पाहत राहिले. कुठेतरी एक शाळा आहे. तिथली लेकरं या पाण्यातून घरी जातात. पाणी येऊन राहिलं हे साऱ्या जगाला दिसतं, फक्त ते कुणाच्या दारात, हे माहीत नाही. पुस्तक इमारतीतच असतं पण चुकीच्या खणात गेलेलं असतं, तेव्हा ते हरवलेलंच असतं, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मी म्हटलं, कर सुरू.

त्या दुपारी आठवल्या की आधी वाळ्याचा वास येतो. कूलरच्या ओल्या ताट्या, त्याची घरघर, मधूनच उडणारे तुषार, माठाच्या तोंडाला बांधलेलं ओलं फडकं, आणि नर्मदेच्या वाळूतल्या वाडीतलं कलिंगड, जे बाबा बोटाने टिचकी मारून, कानाने निवडतात. दारं-खिडक्या लावून मी खालच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसायची. एकेक संकेतस्थळ उघडून एकेक यंत्र शोधायचं आणि त्याचं कार्ड करायचं. पहिले दोन दिवस नाकी नऊ आले. एकाच पर्जन्यमापकाची तीन नावं, तीन खात्यांत. एकाचं तापमान दिवसरात्र अठ्ठावीस, नंतर कळलं की तो कुणाच्या तरी कपाटात पडून आहे. एक तर नकाशावर भर नर्मदेत उभा, आणि सांगतो काय, तर मातीतली ओल. खरंच आहे म्हणा, ओल असणारच.

बाबा पलंगावर पडून सगळं ऐकायचे. त्यांचं सगळं आयुष्य सरकारी सर्वेक्षण खात्यात गेलं. साखळी, फळी आणि दुर्बीण घेऊन मंडल्यापासून दमोहपर्यंत पायी फिरलेला माणूस. डोळे गेल्यापासून मी त्यांना रोज पेपर वाचून दाखवते. त्या नौतप्यात पेपराऐवजी मी त्यांना माझी यादी वाचून दाखवायला लागले. खरं सांगते, त्यांच्यासाठी नाही. एकटीला तिचा कंटाळा यायचा म्हणून.

"तेवीस पॉइंट दहा, एकोणऐंशी पॉइंट छप्पन्न. तेवीस पॉइंट सतरा, एकोणऐंशी पॉइंट बेचाळीस, हा तो आपला रपटा. तेवीस पॉइंट शून्य पाच…"

"शैले, थांब जरा." बाबा उठून बसले. "साठच्या वर एकही काहून नाही?"

"काय साठच्या वर?"

"पॉइंटच्या नंतरचा आकडा. तू आता तीस-चाळीस वाचले असशील. दहा, छप्पन्न, सतरा, बेचाळीस, पाच, अठ्ठावन्न. एकसष्ट नाही, सत्तर नाही, नव्वद नाही. दशांश असते तर नव्व्याण्णवपर्यंत गेले नसते?"

मी यादी वर-खाली केली. नवी कॉलेजं आणि कंपन्यांच्या नोंदींत पॉइंटनंतर चार-चार आकडे होते, त्या ठीक होत्या. पण दोन जुन्या खात्यांच्या आणि त्या बंद पडलेल्या संस्थेच्या नोंदी दोनच आकड्यांच्या, आणि त्यांत साठच्या पुढे एकही नाही. एकसुद्धा नाही.

"अगं, ही मिनिटं आहेत," बाबा म्हणाले आणि हसायलाच लागले.

अंशाचे साठ भाग म्हणजे मिनिटं, हे आपण शाळेत शिकतो आणि विसरतो. नकाशा वाचायला जुन्या पद्धतीने शिकलेल्या माणसांनी अंश आणि मिनिटं बरोबर वाचली होती. फॉर्ममध्ये मात्र एकच आकडा आणि एक टिंब टाकायची सोय. त्यांनी टिंबाच्या अलीकडे अंश लिहिले, पलीकडे मिनिटं. कॉम्प्युटरला काय ठाऊक? तो दशांश समजला. शहरातल्या ओमती भागात मी रोज ज्याच्यासमोरून जायची, त्या ऑफिसच्या छतावरचा पर्जन्यमापक म्हणून तर नकाशावर चाळीस किलोमीटर दूर पश्चिमेला शेतात उभा होता. काखेत कळसा म्हणतात तो हा.

मी त्या फॉर्म भरणाऱ्यांना चार शब्द सुनावले. बाबा एकदम गंभीर झाले. "नावं ठेवू नको त्यांना. उन्हात उभं राहून कुणीतरी इमानदारीत लिहिलं आहे ते. मला फॉर्म दिला असता तर मीही असाच भरला असता." आजही त्या अनोळखी कारकुनांची आठवण येते तेव्हा मनातल्या मनात त्यांची माफी मागते. ते चुकले, पण सगळे एकाच पद्धतीने, नियमाने चुकले. म्हणून तर सापडले.

निनादला फोन केला. त्याने तिथल्या तिथे गणित फिरवलं आणि फोनवर ओरडला, "नानाजी ने कान से पकड़ा? कान से?" नकाशावरचे ठिपके उत्तर-पूर्वेला उडाले आणि शहाण्यासारखे नाल्यांवर, छतांवर, धरणांच्या भिंतींवर जाऊन बसले. आमचा रपटा पाटन तहसिलीच्या बाजूला गेला. पण नेमका कुठे? बाबांनी उत्साहावर पाणी ओतलं. "सेकंदं लिहिली नाहीत त्यांनी. एक मिनिट म्हणजे पावणेदोन किलोमीटर. तेवढ्या चौकोनात कुठेही असू शकतो. आता पाय चालवा."

आणि घाई करणं भाग होतं. हे यंत्र पाण्याबरोबर आपल्या बॅटरीचाही आकडा पाठवतं. रपट्याची बॅटरी मे महिनाभर रोज थोडी थोडी उतरत होती. वर सौरऊर्जेची काचेची पाटी असते, तिच्यावर धूळ बसली असणार. आणखी आठ-दहा दिवस, की ते मुकंच होणार होतं. मग त्याला शोधणार कसं आणि पावसात ते बोलणार कसं? मी मागच्या नोंदी काढून बसले, आणि मला मजा दिसली. वर्षभर दर शनिवारी दुपारी बॅटरी टुणकन वर चढायची. कुणीतरी दर शनिवारी पाटी पुसत होतं! दिवाळीचे शनिवार मात्र कोरडे. मे महिना पूर्ण कोरडा. सव्वीस वर्षं कॉलेजच्या सुट्ट्यांवर जगलेल्या बाईला हे वेळापत्रक ओळखायला किती वेळ लागणार? जो कुणी पुसत होता, तो शाळेचा माणूस होता.

नौतप्याच्या सातव्या दिवशी आम्ही निघालो. बाबांनी माझ्या पर्समध्ये स्वतःच्या हाताने कांदा घातला. लू, म्हणजे उन्हाची झळ, लागू नये म्हणून इकडे कांदा जवळ बाळगतात. "आणि निनादलाही दे एक," म्हणाले. तो कंपनीचा मालक, खिशात कांदा घेऊन जीप चालवत होता. बाहेर बघवत नव्हतं. डांबर चकाकत होतं, पळसाची पानं कडकडीत झालेली, आणि खिडकीतून येणारा वारा म्हणजे कुणी भट्टीचं दार उघडं टाकलेलं. पहिला रपटा पाहिला, खांब नाही. दुसरा पाहिला, तिथेही नाही. गावातल्या कडुनिंबाखाली खाटेवर बसलेल्या म्हाताऱ्यांना निनाद विचारी, "यहाँ सेंसर कहाँ लगा है?" ते एकमेकांकडे पाहत. "काहे को सेंसर?"

तिसऱ्या गावात माझं डोकं फिरलं. "अरे, त्यांना माहीत असेल ते विचार ना! चलो, हटो." आणि मीच विचारलं, "भैया, आपके स्कूल में शनिवार को दोपहर तक कौन रहता है?"

"केसरबाई. खाना बनाती हैं बच्चों का. कल ही लौटी हैं तेंदूपत्ता तोड़ के."

बिडीची पानं तोडायला महिनाभर जंगलात गेलेली केसरबाई दारात गहू निवडत बसली होती. माझ्याच वयाची असेल, पण हात माझ्या दुप्पट कामाचे. पाच-सहा वर्षांची एक चिमुरडी तिच्या पाठीला चिकटून आमच्याकडे बघत होती. ती नात, मुनिया. निनादने रपट्यावरच्या मशीनचं नाव काढताच केसरबाईचा चेहरा उतरला. "हमने कछू नईं तोड़ो, साब. हम तो बस पोंछत हैं."

"आप ही हैं!" मी इतक्या जोरात ओरडले की मुनिया घरात पळाली.

शाळा पलीकडच्या काठावर, वस्ती अलीकडे, मध्ये रपटा. शनिवारी शाळा अर्धी असते. भांडी घासून घरी येताना केसरबाई त्याच ओल्या फडक्याने ती पाटी पुसायची. खांबाच्या कट्ट्यावर चढून, हात पुरवून. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं. का पुसता, असं विचारलं तर ती म्हणाली, "बत्ती है न जा? अबे बलब नईं लगो. जब लगहे तो मोड़ा-मोड़ी उजेले में निकरहें." तिला वाटत होतं हा दिव्याचा खांब आहे. बल्ब अजून यायचा आहे. येईल तेव्हा लेकरं उजेडात रपटा ओलांडतील, तोवर आपण काच स्वच्छ ठेवावी. कितीतरी वर्षं ती न आलेल्या बल्बची काच पुसत होती. मी ग्रंथालयातली शिस्तीची बाई म्हणून मिरवायची. तिथे त्या उन्हात उभी राहून मला माझीच लाज वाटली आणि त्याच वेळी इतकं बरं वाटलं की काय सांगू.

आम्ही सगळे रपट्यावर गेलो. नाला ठणठणीत कोरडा, तळाशी भेगा. खांबावरच्या पाटीवर बोटभर धूळ. केसरबाईने पदरानेच ती पुसली. निनादने फोन पुढे केला, थोड्या वेळाने बॅटरीचा आकडा वर सरकला. मी जागेची पक्की नोंद घेतली, या वेळी पुरत्या दशांशात. मग तिला हळूहळू समजावून सांगितलं की यात दिवा नाही लागायचा. हे पाणी मोजतं आणि दूर शहरात कळवतं.

तिने पदराची धूळ झटकली. बल्ब नाही म्हटल्यावर तिला वाईट वाटलं असावं. मग तिने विचारलं, "सहर में खबर हो जात है. और हमें कौन बतेहे?"

शहरात कळतं, आणि आम्हाला कोण सांगणार? मुनिया जुलैत पहिलीत जाणार होती. याच वाटेने.

परतीच्या रस्त्यात आमचं कडाक्याचं भांडण झालं. सूचीत संपर्काच्या जागी दोनच नंबर होते. एक बंद संस्थेचा, एक कुठल्याशा ऑफिसचा, जिथे घंटी वाजून वाजून थकते. मी म्हटलं, एक रकाना वाढव. जो पुसतो त्याचं नाव आणि त्याचा फोन. निनाद म्हणाला, "मावशी, स्टैंडर्ड में ऐसा कॉलम होता ही नहीं." मी म्हटलं, "मग स्टँडर्डला सांग, शैला मावशीने वाढवला." दुसऱ्या दिवशी रकाना आला होता. त्यात पहिलं नाव केसरबाईचं. मग मी हट्टालाच पेटले आणि सगळ्या यादीसाठी फोन करत सुटले. एका पर्जन्यमापकावरची पक्ष्यांची घरटी काढणारे माळीबुवा निघाले, एका पेटीतल्या मुंग्या झाडणारी अंगणवाडीची बाई. बाबांनी आणखी एक रकाना घालायला लावला: वर कोण, खाली कोण. "पाणी उतार बघतं, शैले, तहसील बघत नाही." डोंगरातला एका खात्याचा पर्जन्यमापक आणि पाटनकडचा दुसऱ्या संस्थेचा रपटा, यांची कागदावर कधी गाठ पडली नव्हती. बाबांनी पायी पाहिलेले नाले आठवून आठवून ती घालून दिली. मृगाच्या आदल्या दिवशी सूची गेली. आमचा रपटा तिच्यात होता.

आज मी याच कामावर आहे, पगारी. लोक म्हणतात, नशीब काढलंस. नशीब वगैरे ठीक आहे, पण मी आभार मानायला बसते तेव्हा माझी यादी लांब होते. मला घरी बसवणारं कॉलेजसुद्धा तिच्यात येतं, राग अजून आहे तरी. बाबांचे कान येतात. डोळे असते तर त्यांनी यादी स्वतः वाचली असती आणि आकडे त्यांना दिसले असते, ऐकू आले नसते. आणि ते ऊन येतं. त्या उन्हाळ्याची धूळ नसती तर बॅटरी उतरली नसती, बॅटरी उतरली नसती तर मी शनिवार मोजले नसते.

त्याच वर्षीच्या भाद्रपदात एका मंगळवारी दुपारी मी ओट्यापाशी कणीक भिजवत होते. बाहेर लख्ख ऊन. साडेचारच्या सुमारास फोन आला. केसरबाई. मागे नुसता कल्ला, आणि त्या कल्ल्याखाली एक घोंघाट, थांबतच नव्हता.

पावणेचारला तिच्या फोनवर यंत्राचा आवाज आला होता: डोंगरात जोराचा पाऊस झालाय, रपटा ओलांडू नका. वर डोंगरात सांडलेलं पाणी, आणि शाळेवर मात्र ढग नाही. शाळा सुटतच होती. मास्तर म्हणाले, अहो, नाल्यात घोट्याएवढं पाणी आहे, जाऊ द्या पोरांना. केसरबाई हातातली पळी घेऊन फाटकात आडवी उभी राहिली. मास्तर रागावले, दोन पोरं रडायला लागली, ती हलली नाही. पाव तास गेला, अर्धा तास गेला. आणि मग पाणी आलं.

"अब सबरे एइ पार हैं, दीदी. मतारियें ओ पार ठाँड़ी हैं." सगळी लेकरं या काठाला, आया त्या काठाला. लेकरं निघाली होती की नव्हती, आयांना ठाऊक नाही. पाण्यापलीकडून नुसता आक्रोश. म्हणून केसरबाईने पोरांना उंचवट्यावर एका रांगेत उभं केलं होतं. एकेकाने पुढे यायचं आणि जिवाच्या आकांताने स्वतःचं नाव ओरडायचं. "सुनो," म्हणाली, आणि फोन तिकडे केला.

मी कणकेच्या हातानेच स्पीकर लावला आणि बाबांच्या पलंगापाशी गेले. पाण्याच्या आवाजातून एक कोवळा गळा फाटला, "राऽजेऽस!" आणि दुरून, पलीकडून, बाईचा आवाज, "हओऽऽ!" आमच्याकडे हो म्हणायला हओ म्हणतात. मग "गुऽड्डी!" हओऽऽ. "सुऽकलाल!" हओऽऽ. बाबा काठी धरून बसले होते, ओठ हलत होते. एकेका हओला माझा जीव भांड्यात पडत होता.

मग एक अगदी बारीक आवाज आला. नाव कळलंच नाही. पलीकडून काही आलं नाही. पुन्हा तो बारीक आवाज, पुन्हा नुसतं पाणी. पहिलीतलं लेकरू, त्याचा आवाज पोहोचणार तरी किती?

आणि मग त्या सगळ्या पोरांनी मिळून, एका दमात, ओरडून सांगितलं, "मुऽनिऽयाऽऽ!"

पाण्यापलीकडून एक बाई हओ म्हणाली, आणि म्हणतच राहिली.